डाव्या बाजूचा पत्रा

सोमवारी सकाळी शशी टनेलच्या दारातून वाकून आत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत व्हॅनचे बाहेरचे आरसे होते. व्हॅन मात्र आली नव्हती.

वरदा वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. साउथहॅम्प्टनच्या उत्तरेला, मोटरवेपासून मैलभर आत त्यांनी एका इंग्रज शेतकऱ्याची दोन एकर जमीन भाड्याने घेतली होती. तिच्यावर कमानींवर प्लॅस्टिक ताणून केलेले चार टनेल, एक पाण्याची टाकी आणि एक शेड. जूनचा दुसरा आठवडा होता. पाच दिवस असं ऊन पडलं होतं की टनेलमध्ये नऊ वाजताच अंगाला चिकटणारी वाफ भरायची. कोथिंबीर दांडे काढायला लागली होती.

"आरसे कशाला आणले?"

"नवीन आहेत. मागच्या वर्षी टाकला होता."

"टाकले होते. आणि गाडी?"

"एमओटीत फेल झाला. डेंजरस लिहिलंय. गॅरेजवाला टेरी म्हणतो, रस्त्यावर काढायचाच नाही."

शशीचा जन्म इथलाच. घरात बोलली जायची तेवढी मराठी त्याला येई, आणि कोणती गोष्ट 'तो' न् कोणती 'ती' हे पंचवीस वर्षं वरदाने सांगूनही त्याच्या डोक्यात बसलं नव्हतं. आज तिने दुसऱ्यांदा दुरुस्ती केली नाही.

"झालंय काय तिला?"

"गंज. खालून. एकदम झाला."

"गंज एकदम होतो?"

"जुना गाडी आहे, वरदा. अठरा वर्षं. होतं असं." त्याने आरसे क्रेटवर ठेवले आणि कमरेवर हात देऊन उभा राहिला. पाठ धरली की तो असाच उभा राहायचा. "आजचा माल कसा न्यायचा ते बघ."

आजचा माल म्हणजे चौतीस क्रेट. वरदाच्या छोट्या कारमध्ये मागची सीट पाडून नऊ बसत. सेंट मेरीजमधल्या तीन दुकानांना आणि पोर्ट्सवुडमधल्या एकाला साडेअकराच्या आत भाजी लागायची. त्या दिवशी शशीने चार खेपा केल्या. चौथ्या खेपेला ओल्या गोणपाटाखालची कोथिंबीर गरम लागत होती. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हरीशभाई. त्यांनी एक जुडी उचलली, हलवली, परत ठेवली.

"शनिवारपर्यंत बघतो," ते म्हणाले. "मग मला लंडनहून मागवायला लागेल. माझ्या गिऱ्हाईक बायका दुपारी बाराला येतात, तुझी भाजी दोनला."

शशीने संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा वरदा जुड्यांचा दोरा दातांनी तोडत होती. ती जुन्नरकडची. माहेरी पालेभाजीच व्हायची, पण तिथे भाजी न्यायला टेम्पो दारात यायचा. इथे टेम्पोही आपणच आणायचा.

मंगळवारी शशीला ईस्टलीत एक पांढरी व्हॅन सापडली. फोटो चकाचक. तो मोबाइल घेऊन वाफ्यात आला आणि तिच्या तोंडासमोर धरला.

"नंबर काय आहे तिचा?" वरदाने हात पुसले.

"नंबर कशाला? गाडी बघ ना."

"नंबर द्या."

आठवड्यातल्या तीन दुपारी वरदा हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागात काम करायची. जुन्या फाइली कशा वाचायच्या हे तिला शिकवावं लागत नव्हतं. गाडीचा नंबर सरकारी साइटवर टाकला की दरवर्षीच्या एमओटी तपासणीचा सगळा इतिहास उघडतो: पास की नापास, किती मैल झाले, काय दुरुस्त करायला हवं होतं. नापास करण्याइतकं नसेल पण लक्ष ठेवायला हवं, असंही तपासनीस लिहून ठेवतो. त्याला इथे ॲडव्हायझरी म्हणतात. वरदा खालून वर वाचत गेली.

"मागच्या चासीला गंज. पुढच्या वर्षी, मागच्या चासीला गंज. तिसऱ्या वर्षी, जास्त गंज. चौथ्या वर्षी लिहिलंय, खाली नवीन काळा रंग दिल्यामुळे भाग दिसला नाही. आणि पाचव्या वर्षी काहीच नाही."

"म्हणजे बरा झाला."

"अहो, वेल्डिंग केलं असतं तर रंगाखाली नवीन पत्रा दिसला असता. जाहिरातीत तसं लिहिलंही असतं. हा नुसता झाकलाय."

"तुला काय माहीत? तू बघितलास?"

"नाही बघितला. वाचला."

टनेलच्या सावलीत खुर्ची टाकून शशीचे वडील, विष्णूअण्णा, कोळप्याच्या दांड्याला नवीन पाचर ठोकत होते. अण्णा सत्त्याहत्तर वर्षांचे. साताऱ्याकडून तरुणपणी आले आणि इथल्या बस डेपोत तीस वर्षं फिटर होते. त्यांचा दोघांवरही विश्वास नव्हता.

"आरं, फोटूवर गाडी घेत्यात का? आन् कागदावर तरी घेत्यात का? हातोडी घ्या. ठोकून बघायची. पत्रा आपसूक बोलतो."

तिघं गेले. दोन तास त्यातच गेले. विकणारा माणूस हातात चहाचा मग घेऊन दारात उभा होता. अण्णांनी शर्ट न काढता जमिनीवर पाठ टेकली, व्हॅनखाली सरकले, आणि आतून दोनदा ठकठक आली. तिसऱ्या वेळेला आवाज बदलला. काळ्या रंगाचा भाकरीएवढा पापुद्रा अण्णांच्या छातीवर पडला.

"माझी गाडी फोडतोय हा म्हातारा," माणूस म्हणाला. "तुम्ही लोक विकत घ्यायला आलात की मोडायला?"

आणि शशीने माफी मागितली. वडील जमिनीवर, केसांत गंजाचा चुरा, आणि मुलगा 'सॉरी, सॉरी' म्हणत त्यांना काखेत हात घालून उठवतोय. वरदाने दुसरीकडे बघितलं.  परतताना गाडीत अण्णाच म्हणाले, "पोरीनं बराबर वाचलं व्हतं." त्याने शशी आणखीनच चिडला.

ते पोचले तेव्हा दोन नंबरच्या टनेलची बाजू हवेसाठी वर गुंडाळायची राहून गेली होती. आतली अर्धी कोथिंबीर मान टाकून बसली होती.

बुधवारी निळी व्हॅन. वरदाने मेथीचा वाफा शिंपता शिंपताच ती निकालात काढली. एका वर्षी एक लाख बत्तीस हजार मैल, पुढच्या वर्षी चौऱ्याण्णव हजार.

"टायपिंग मिस्टेक असेल," शशी म्हणाला.

"असेल. एखाद्या वर्षी आकडा चुकतो. मग त्याच्या पुढच्या वर्षी परत एक लाख चाळीस व्हायला हवा. इथे अठ्ठ्याण्णव झालाय."

"तुला प्रत्येक गाडीत काहीतरी सापडतंच. तुला गाडी नकोच आहे."

वरदाने पाइप खाली टाकला. पाणी तिच्या बुटांवरून वाहत राहिलं. "मला गाडी नको? मी साडेचारला उठून शंभर जुड्या बांधते, सातला तुमच्याबरोबर दुकानांना पळते, दुपारी हॉस्पिटलला जाते. कशासाठी? क्रेट मोजायला?"

"मग निवड ना तूच."

"निवडते."

तिने गुरुवारी निवडली, आणि ती बघून शशी हसला. तीन दिवसांत पहिल्यांदाच. करड्या रंगाची, पंधरा वर्षांची व्हॅन. दार एका रंगाचं, बाकी गाडी दुसऱ्या. अकरा तपासण्यांत सात वेळा नापास.

"ईस्टलीवाला दरवर्षी पास, तो नको. हा दरवर्षी नापास, हा हवा. मला समजव."

ते शेडमध्ये डबा खात होते. वरदाने पोळीचा तुकडा बाजूला ठेवला आणि मोबाइल मधे ठेवला. "हे बघा. या वर्षी पुढचा ब्रेक पाइप गंजलेला, नापास. त्याच आठवड्यात पास. त्यानंतर ब्रेक पाइपचं नाव कधीच नाही. इथे उजव्या बाजूचा पत्रा सडलेला, नापास. सहा दिवसांनी पास. परत नाव नाही. मग चाकाचा सांधा. मग मागची स्प्रिंग. दरवेळी नवीन काहीतरी. जुनं एकही परत येत नाही. आणि मैल बघा, दरवर्षी चार हजार, साडेचार हजार. कुठे उडी नाही, कुठे खंड नाही. ही गाडी कोणीतरी सांभाळलीय."

शशीने बराच वेळ वाचलं. अण्णांनी चष्मा लावून वाचलं. "स्प्रिंगा बदलल्यात," ते हळूच म्हणाले, आणि डेपोत ज्या माणसांना ते मान द्यायचे त्यांच्यासारखा या अनोळखी मालकालाही त्यांनी मनातल्या मनात मान दिला असावा.

फोन शशीनेच केला. मालकीण मिसेस पॅजेट, फोर्डिंगब्रिजकडे राहणाऱ्या. मधमाश्या पाळायच्या, आता गुडघ्यांमुळे पेट्या विकून टाकल्या होत्या. बोलता बोलता कळलं की त्यांच्या भाच्याकडेही अशीच व्हॅन आहे आणि त्याला दारं हवीत. शशी खुलला. आमची अगदी तीच गाडी आहे, म्हणाला, स्क्रॅपला चाललीय, दारं एकदम चांगली, घेऊन जा. कोणत्या वर्षीची, बाईंनी विचारलं. शशीने उत्साहात नंबरच सांगून टाकला.

शुक्रवारी पहाटे पावणेचारला त्यांनी काढणी सुरू केली आणि अकरापर्यंत चार खेपांत माल पोचवला. मग तिघं वरदाच्या कारने निघाले. वाटेतल्या रानात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फर्न छातीभर वाढले होते, मधे तिथे मोकळीच चरणारी घोडी उभी. एका घोडीसाठी दहा मिनिटं थांबावं लागलं. शशी हॉर्न वाजवणार होता, वरदाने त्याचा हात धरला.

मिसेस पॅजेट सत्तरीच्या, उंच, हातात काठी. व्हॅन अंगणात होती. आत मेणाचा आणि धुराचा वास होता. अण्णांनी परवानगी मागितली आणि हातोडी घेऊन खाली गेले. बाईंनी त्यांच्यासाठी जुनी गादी आणून टाकली. बराच वेळ खालून ठकठक येत राहिली, पुढून मागे, डावीकडून उजवीकडे. आवाज कुठे बदलला नाही. अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत न दिसलेलं समाधान होतं.

"घ्या," ते म्हणाले. "वेल्डिंग करणारा गडी जातिवंत हाय."

"माझा नवरा करायचा," बाईंनी त्यांचे शब्द न कळताही उत्तर दिलं. "दर ऑगस्टला आम्ही पेट्या माळावर न्यायचो, हेदरची जांभळी झुडपं फुलली की. तो रस्ता गाडी खातो. दरवर्षी काहीतरी मोडायचं, आणि परीक्षकाने सांगितलं की तो त्याच दिवशी खाली शिरायचा."

शशीने हात पुढे केला. बाईंनी तो धरला नाही.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ही गाडी द्यायची नाही असं मी ठरवलंय. फोनवर सांगायला हवं होतं, पण मला तुम्हाला बघायचं होतं."

"का?" शशी म्हणाला. "पैसे तुम्ही सांगाल तेवढे."

"पैशाचं नाही. दारांसाठी तुम्ही तुमच्या गाडीचा नंबर दिलात. मी तिचा इतिहास बघितला." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. छापूनच घेतला होता. "सात वर्षं. सातही वर्षं तीच ओळ. मी हिला अशा माणसाला कशी देऊ?"

शशीने हात पुढे केला, पण कागद त्याच्या आधी वरदाने घेतला.

तिने खालून वर वाचलं. तिला वाचायला वेळ लागायचा नाही, पण आता लागला. डाव्या बाजूचा तळाचा पत्रा, गंज सुरू. डाव्या बाजूचा तळाचा पत्रा, गंज. डाव्या बाजूचा तळाचा पत्रा, पातळ झालाय. मग तीन वर्षं तेच, प्रत्येक वेळी एकेक शब्द वाढलेला. सातव्या वर्षी: डाव्या बाजूचा तळाचा पत्रा, बराच गंज, सीटबेल्टच्या बोल्टाजवळ, लवकर दुरुस्त करा. त्याच्यावर सोमवारची तारीख आणि 'डेंजरस'.

अनोळखी माणसांच्या तीन गाड्या तिने या आठवड्यात उलगडून बघितल्या होत्या. स्वतःची बघावी हे तिच्या मनातही आलं नव्हतं. डावी बाजू म्हणजे तिची बाजू. सात वर्षं, आठवड्यातले चार दिवस, मांडीवर बिलांची वही आणि पायाशी पुदिन्याचा क्रेट घेऊन ती तिथे बसत आली होती. पाऊस असला की पायाखालची चटई ओली व्हायची. शशी म्हणायचा, क्रेटचं पाणी.

"एकदम झाला म्हणालात," ती म्हणाली.

शशीने पुढे केलेला हात खिशात घातला.

"तुला माहीत होतं."

पंचवीस वर्षांत तिने त्याला तू म्हटलं नव्हतं. अण्णांनी हातोडी या हातातून त्या हातात घेतली आणि अंगणाच्या कडेला, पेट्यांच्या रिकाम्या ओट्याकडे चालत गेले.

"टेरी दरवर्षी सांगायचा," शशी म्हणाला. "दरवर्षी मी म्हणायचो, सीझन संपू दे. गाडी दहा दिवस उभी राहिली असती. मग हिवाळा यायचा, मग वाटायचं, चालतोय ना. पास झालाय ना. पास म्हणजे पास." त्याला मराठीत पुढचं सापडेना, म्हणून तो इंग्रजीत बोलला, आणि ते बाईंनाही कळलं. "मी तिला सांगितलं असतं तर ती गाडीत बसली नसती. ती बसली नसती तर मला एकट्याला जमलं नसतं."

हे बोलून झाल्यावर त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. तो जमिनीकडे बघत राहिला.

वरदाने कागदाची घडी घातली. तिला त्याला मारावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी हरीशभाईंची उद्याची ऑर्डर डोक्यातून जात नव्हती. दोन्हीचा राग तिला सारखाच आला.

"मिसेस पॅजेट," ती इंग्रजीत म्हणाली, "त्यांना देऊ नका. बरोबर आहे तुमचं. मला द्या. माझ्या नावावर. तपासणीला मी नेईन, कागद माझ्या हातात येईल. उद्या माझ्याकडे चाळीस क्रेट आहेत."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. तिचे हात बघितले, मेथीच्या रसाने नखांपर्यंत हिरवे झालेले.

"आणि हे?" त्यांनी काठीने शशीकडे खूण केली.

"हे क्रेट उचलतील."

बाई आत गेल्या आणि कागदपत्रं घेऊन आल्या. पैसे पाठवणं, इन्शुरन्स आणि टॅक्स, सगळं वरदाने अंगणात उभं राहूनच फोनवर केलं. निघताना बाईंनी नवऱ्याच्या हस्ताक्षरातली वही तिला दिली, कधी कोणतं तेल घातलं याची. शशीला त्यांनी काहीच दिलं नाही, पण अण्णांना मधाची एक बाटली दिली.

व्हॅन वरदाने चालवली. मागून शशी आणि अण्णा कारमध्ये. साउथहॅम्प्टन जवळ आलं तशी ती टनेलकडे न वळता सरळ गेली आणि टेरीच्या गॅरेजच्या अंगणात थांबली. कारही मागून आली.

जुनी व्हॅन भिंतीशी उभी होती, आरसे नसलेली. टेरी बाहेर आला, वरदाचा चेहरा बघून परत आत गेला.

वरदाने डाव्या बाजूचं दार उघडलं. "बसा."

"वरदा..."

"बसा म्हणते ना."

शशी बसला. गुडघे वर आले, कारण सीट तिच्या मापाला पुढे ओढलेली होती.

"बेल्ट लावा."

त्याने लावला.

"आता जोरात ओढा. गाडीने ब्रेक मारल्यावर ओढला जातो तसा."

त्याने आधी हळू ओढला. तिने नुसतं बघितलं. मग त्याने दोन्ही हातांनी पट्टा धरला आणि पाय टेकवून हिसका दिला. दुसऱ्या हिसक्याला खालून करकर आवाज आला आणि तळहाताएवढा पत्रा बोल्टासकट वर उचलला गेला. त्या भोकातून खालचं काँक्रीट दिसलं, आणि काँक्रीटवरचा तेलाचा डाग. लाल चुरा त्याच्या बुटावर पडत राहिला.

शशी तसाच बसून राहिला, हातात पट्टा.   वरदाने माफीची वाट बघितली नाही. माफी येणार होती, रडणंही येणार होतं, आणि त्यासाठी आत्ता वेळ नव्हता.

"अण्णा," ती म्हणाली, "कार तुम्ही घेऊन या. हळू या."

मग तिने नव्या व्हॅनची किल्ली शशीच्या मांडीवर टाकली. "चला. तुम्ही चालवा."

"मी?"

"तुम्हीच. मी बाजूला बसते."

तो उतरला. व्हॅनमध्ये चढल्यावर त्याने तिचा बेल्ट एकदा स्वतः ओढून बघितला, मग परत एकदा. तिने बघू दिलं. गॅरेजमधून गाडी रस्त्यावर घेताना तो दोनदा थांबला. ताशी चाळीस मैलांच्या रस्त्यावर पंचवीसने निघाला. मागे पाच गाड्या साचल्या, एकाने हॉर्न वाजवला, दुसरा बाजूने काहीतरी ओरडत पुढे गेला. शशी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून समोर बघत होता, गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि पुसायला तो हात सोडत नव्हता.

वरदाने दोन मैल सहन केलं. तीन नंबरच्या टनेलची बाजू अजून वर करायची होती.

"अहो," ती म्हणाली, "मेथी पिवळी पडेल. जरा जोरात चला."